डाव्या पायाची निवृत्ती



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही जणांनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं गिअरबॉक्सशी काय काम? प्रश्न रास्त आहे. गिअरबॉक्स उघडून दाखवायचा असेल, तर माझ्यापेक्षा कोणताही मिस्त्री बरा. पण गिअरची गाडी सोडून ऑटोमॅटिक घेतली की जे अडतं, ते बॉनेटखाली अडत नाही, आपल्या गुडघ्याखाली अडतं. सवय म्हणजे काय, ती राहते कुठे, ती मोडता येते का, हे प्रश्न आमच्या विषयात फार जुने आहेत. म्हणून हे धाडस.

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण साठीच्या आसपासचे, किंवा साठीच्या पलीकडचे दिसताहेत. ऑनलाइन ऐकणाऱ्यांचंही साधारण तसंच आहे, असं संयोजक सांगतात. म्हणजे तीस-चाळीस वर्षं क्लच दाबून झालेला आहे. आता गुडघा कुरकुरतो. टॉमटॉम नावाची एक डच कंपनी जगभरच्या शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजते. तिच्या २०२४च्या यादीत सर्वांत मंद शहरांमध्ये आपलं पुणे चौथं होतं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं! मग मुलगी म्हणते, "बाबा, आता ऑटोमॅटिक घ्या." शोरूममधला मुलगा म्हणतो, "काका, यात शिकण्यासारखं काहीच नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, बस." तो खोटं बोलत नाही. शिकण्यासारखं खरोखर थोडं आहे. विसरण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि ते शोरूममध्ये कोणी सांगत नाही. आज मी तेवढंच सांगणार आहे.

आधी क्लच म्हणजे काय, ते बघू. इंजिनाचा एक हट्ट असतो. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली ते फिरायला तयार नसतं, बंदच पडतं. चाकांना मात्र डेक्कनच्या सिग्नलला पूर्ण थांबावं लागतं. एकाला थांबता येत नाही, दुसऱ्याला थांबणं भाग आहे, आणि दोघं एकाच घरात राहतात. म्हणून मध्ये एक चकती घातली, जी पायाने दाबली की दोघांचा संबंध सुटतो आणि पाय हळू सोडला की हळूहळू जुळतो. हा क्लच. आपण ज्याला 'हाफ क्लच' म्हणतो, तो या भांडणातल्या मध्यस्थीचा क्षण. चढावर, रिक्षाच्या मागे, इंच इंच पुढे सरकताना डावा पाय ही मध्यस्थी करत असतो, आणि ती किती नाजूक आहे हे पहिल्यांदा शिकताना गाडी गचके खाऊन बंद पडते तेव्हा कळतं.

ऑटोमॅटिकमध्ये ही मध्यस्थी यंत्र करतं. पण सगळी यंत्रं ती एकाच पद्धतीने करत नाहीत, आणि हा फरक घेणाऱ्याला माहीत हवा.

सर्वांत जुनी पद्धत तेलाची. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स आणला, तो ओल्ड्समोबिल गाडीत बसवला. कल्पना अशी करा की दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवलेत. एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. दुसरा हाताने धरून ठेवला, तरी पहिला फिरतच राहतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, पहिला पंखा इंजिनाला आणि दुसरा चाकांना जोडा, की झालं. या जातीच्या गाडीत 'डी'वर टाकून ब्रेक सोडला की अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी आपणहून हळूहळू पुढे सरकते. हे सरकणं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरी पद्धत पट्ट्याची. दोन कप्प्या, त्यांच्यावर एक पट्टा, आणि कप्प्यांची रुंदी कमी-जास्त होत जाते, त्यामुळे गिअरच्या पायऱ्याच नाहीत, सगळा उतार. तिसरी पद्धत दोन क्लचची: एका क्लचकडे एक-तीन-पाच, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो. आणि चौथी, आपल्याकडे सर्वांत पसरलेली, ए.एम.टी. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ती आणली आणि ऑटोमॅटिक गाडी एकदम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ती स्वस्त का? कारण आतला गिअरबॉक्स आणि क्लच आपल्या जुन्या गाडीचाच असतो. फक्त तो दाबायला आणि बदलायला एक यांत्रिक हात बसवलेला असतो. म्हणून गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. काही लोक तक्रार करतात. मी म्हणतो, अहो, तो यांत्रिक शिकाऊ चालक आहे, सांभाळून घ्या. (हशा)

विजेच्या गाडीत तर हे भांडणच नाही. मोटर शून्य फेऱ्यांपासून ओढते, त्यामुळे मध्यस्थ लागत नाही. २०१९ पासून आपल्या पी.एम.पी.एम.एल.कडे विजेच्या बस आहेत, त्यांना क्लच नाही. जुन्या डिझेल बसवर उमेदवारी केलेल्या चालकांनीही हा पालट अनुभवलाय. आपण एकटे नाही.

खरं तर पुण्याला हा पालट नवा नाहीच. चारचाकीच्या फार आधी तो आपण दुचाकीवर करून बसलो आहोत. आकुर्डीच्या बजाजची 'चेतक' १९७२ची. तिच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही. मनगट पिरगळायचं आणि बोटांनी क्लच दाबायचा. १९८४ साली 'किनेटिक होंडा' आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. आत तोच कप्प्या-पट्ट्याचा खेळ. अनेक पुरुषांनी नाकं मुरडली. बायकांनी ती गाडी घेतली आणि कामावर जाऊ लागल्या. पुढे 'अ‍ॅक्टिव्हा' आली आणि नाकं मुरडणारेही तिच्यावर बसले. आपला मोटार वाहन कायदा, १९८८चा, गिअरची दुचाकी आणि बिनगिअरची दुचाकी यांचे परवाने वेगळे मानतो. मोटारीला मात्र हा भेद नाही. २०२० साली 'चेतक' परत आली ती विजेवर, गिअर नसलेली. नाव राहिलं, मूठ बदलली.

आता या स्कूटरच्या उदाहरणातच आजच्या विषयाचं मर्म दडलेलं आहे. चेतकवर डाव्या हाताला क्लच होता. अ‍ॅक्टिव्हावर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. वीस वर्षं चेतक चालवलेला माणूस अ‍ॅक्टिव्हावर बसतो, वळणावर सवयीने डावी मूठ आवळतो, आणि गाडी मोकळी सुटण्याऐवजी मागचं चाक जखडतं. त्याला माहीत नसतं का की हा ब्रेक आहे? माहीत असतं. विचारा, लगेच सांगेल. पण हात विचारत नाही.

गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली हा भेद फार स्पष्ट मांडला. 'अमुक असं आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' ही दोन ज्ञानं वेगळी आहेत. पहिलं वाढवलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. पोहण्यावरचं पुस्तक पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५च्या ग्रंथात टंकलेखन करणाऱ्याचं उदाहरण दिलं आहे. अक्षरं कुठे आहेत हे त्याला विचारलं तर चटकन सांगता येणार नाही, पण बोटं चुकत नाहीत. त्याचं म्हणणं, हे ज्ञान हातातच आहे. हात वापरला तरच ते प्रकट होतं.

आपल्या परंपरेत यासाठी शब्द आहे: संस्कार. आणि वैशेषिकांनी संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्यांनी अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' वाचलाय त्यांना आठवत असतील: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. मला नेहमी वाटतं की मोटारीत हे तिन्ही एकत्र बसलेले असतात. गाडी एकदा धावू लागली की ढकलणं थांबलं तरी धावत राहते, हा वेग. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दबून पुन्हा मूळ जागी येते, हा स्थितिस्थापक. आणि चालकाच्या डाव्या पायात जे बसलेलं असतं, ती भावना. इथे भावना म्हणजे राग-लोभ नव्हेत. अनुभवाने उमटलेला आणि वेळ आली की जागा होणारा ठसा. आता नैयायिक मला टोकतील की भावना फक्त आत्म्यात राहते, पायात नव्हे. मान्य. पण क्लच दाबायला आत्मा खाली उतरतो तो डाव्याच पायाने, एवढं त्यांनी मान्य करावं. (हशा)

गंमत बाजूला. यातून एक कामाची गोष्ट निघते. पतंजलींच्या योगसूत्रांत संस्कारांबद्दल जी मांडणी आहे, तिचा आशय असा की जुना संस्कार खोडरबरने पुसल्यासारखा जात नाही, नव्या संस्काराने तो दबतो. दबलेला असतो, म्हणजे असतो. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने तो डोकं वर काढत नाही. अचानक कोणी आडवं आलं, की सर्वांत आधी तोच उठतो.

आता आपण मुख्य मुद्द्याकडे आलो. मला आज एकच वाक्य सांगायचं असेल, तर ते हे: गिअरच्या गाडीत चूक झाली की गाडी बहुतेक वेळा बंद पडते, ऑटोमॅटिकमध्ये चूक झाली की गाडी बहुतेक वेळा पुढे जाते.

नीट बघा. गिअरची गाडी जागची हलवायची म्हणजे केवढी खटपट. क्लच दाबा, गिअर टाका, क्लच हळू सोडा, अ‍ॅक्सिलरेटर जुळवा. एक पायरी चुकली की गचका आणि शांतता. शिकाऊ माणसाला याची लाज वाटते, पण ती शांतता त्याचं रक्षण करत असते. ऑटोमॅटिक 'डी'वर आहे आणि पाय ब्रेकवरून उचलला गेला, तर गाडी चालू लागते. पार्किंगच्या खिडकीपाशी पावती घ्यायला आपण उजवीकडे झुकतो. झुकताना पाय किंचित सैल पडतो. जुन्या गाडीत तेव्हा ती न्यूट्रलमध्ये असायची. इथे ती सरकते. मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला वळलो, सरकते.

आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या गाडीत प्रवृत्तीला प्रयत्न लागायचा, निवृत्ती फुकट होती. नव्या गाडीत प्रवृत्ती फुकट आहे, आणि निवृत्तीला प्रयत्न लागतो. थांबून राहणं हीच एक क्रिया झाली आहे. ब्रेकवर पाय ठेवून 'काही न करणं' हे चालकाचं मुख्य काम झालं आहे. चाळीस वर्षं 'करणं' शिकलेल्या माणसाला हे सोपं नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये संकटकाळासाठी काय शिकवलं होतं? क्लच आणि ब्रेक, दोन्ही एकदम. घाबरलो की दोन्ही पाय खाली. आता समजा घाबरलेल्या क्षणी उजवा पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. गिअरच्या गाडीत डावा पाय क्लचवर आहे, त्यामुळे इंजिन किंचाळतं, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. डावा पाय नकळत उजव्या पायाची चूक झाकत होता. ऑटोमॅटिकमध्ये तो झाकणारा कोणी नाही. शिवाय माणसाला वाटत असतं की आपण ब्रेकच दाबलाय. गाडी थांबत नाही म्हटल्यावर तो आणखी जोरात दाबतो.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारींचा मोठा गदारोळ झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने तपास करून १९८९ साली अहवाल दिला. ज्या गाड्यांत बिघाड सापडला नाही, तिथे बहुधा चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर गेला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. खोटं कोणी बोलत नव्हतं. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपण ब्रेक दाबला. आज आपल्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'वरून दांडा हलत नाही ना, ती खबरदारी त्याच काळात पुढे आली.

मग करायचं काय? प्रशस्तपाद हे वैशेषिकांचे मोठे भाष्यकार. भावना बळकट कशाने होते, याची त्यांनी तीन कारणं दिली आहेत. पहिलं, अनुभवाचा तीव्रपणा: दक्षिणेतल्या माणसाने पहिल्यांदा उंट पाहिला, तो तो विसरत नाही. दुसरं, अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, आणि इथे ते विद्येबरोबर शिल्प आणि व्यायाम यांचीही नावं घेतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिसरं, आदर, म्हणजे मन लावून बघणं. अपघात होऊन धडा मिळणं हा उंट झाला. तो आपल्याला नको आहे. आपल्या हातात उरतात ते अभ्यास आणि आदर. तर त्या दोन शब्दांखाली काही साध्या गोष्टी सांगतो.

एक. डाव्या पायाला जागा द्या. बहुतेक गाड्यांत डावीकडे पाय टेकायला सपाट जागा असते. गाडीत बसल्यावर पहिलं काम, डावा पाय तिथे टेकवणं. तो तिथून हलायचा नाही. सुरुवातीला तो आपणहून उचलला जाईल, त्याला परत ठेवायचं.

दोन. डाव्या पायाने ब्रेक कधीही दाबायचा नाही. 'रिकामा आहे तर वापरू' असं वाटतं. पण त्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायचं वळण आहे, हलकं दाबणं त्याला ठाऊक नाही. तो ब्रेक तळापर्यंत नेईल, आणि मागचा रिक्षावाला आपल्या डिकीत येईल.

तीन. उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली हवी. अ‍ॅक्सिलरेटरकडे फक्त चवडा वळवायचा. मग घाबरल्यावर पाय जिथे परततो, ती जागा ब्रेकची असते.

चार. 'पी', 'आर', 'एन', 'डी' बदलताना गाडी पूर्ण थांबलेली आणि पाय ब्रेकवर. पहिले दोन महिने अक्षर मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू दे. जपानी रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. यालाच मी आदर म्हणतो. आणि हो, बऱ्याच ए.एम.टी. गाड्यांना 'पी' नसतोच. तिथे हँडब्रेक पूर्ण ओढल्याशिवाय दार उघडायचं नाही.

पाच. पहिले काही दिवस सकाळी लवकर, मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर जा. वेग वाढवायचा सराव नको, तो गाडी करते. थांबायचा सराव करा. हळू जा, थांबा. पन्नास वेळा. आणि शक्य असेल तर त्या काळात दुसरी, गिअरची गाडी हातात घेऊ नका. दोन संस्कार एकाच आठवड्यात जोपासले तर दोन्ही कच्चे राहतात.

चढ-उताराचं वेगळं सांगायला हवं, कारण आपण पुण्यात राहतो. सोसायटीच्या तळघरातून वर येणारा उतार घ्या. तेलाच्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी साधारण चढावर स्वतःला पेलते. ए.एम.टी. तशी पेलेलच असं नाही. चढावर धरून ठेवायची खास सोय नसेल, तर ब्रेक सोडताच ती मागे येते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबून तिला चढावर तोलून धरू नका, आतला क्लच तापतो. हँडब्रेक वापरा, जसा पूर्वी वापरत होता. जुन्या ज्ञानातलं हे एक अजून उपयोगी आहे.

आणि उतार. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आपल्या सगळ्यांच्या मनात भीती धरून आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांचा चुराडा केला. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये उतरवू नका, असं पोलीस तिथे पुन्हा पुन्हा सांगत असतात. कारण गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागे ओढून धरतं, न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि ब्रेक तापून निकामी होतात. आपण गिअरची गाडी चालवताना घाटात दुसऱ्या-तिसऱ्यावर उतरायचो, तो शहाणपणा हाच. ऑटोमॅटिक घेतल्यावर माणूस हा शहाणपणा विसरतो, कारण दांडा 'डी'वर आहे आणि बाकी सगळं गाडी बघते असं त्याला वाटतं. गाडी पुढचा उतार बघत नाही. प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये खालच्या गिअरवर राहण्याची काही ना काही सोय असते: कुठे 'एल', कुठे 'एम', कुठे स्टिअरिंगमागे पाती. ती कशी वापरायची हे ताम्हिणीत किंवा खंबाटकीत शिकू नका, घराजवळ शिका.

शेवटचा मुद्दा. काही जण म्हणतात, ऑटोमॅटिकमध्ये गाडी चालवल्याचा आनंद नाही. त्यांची मी थट्टा करणार नाही. इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखणारा कान, चढ लागायच्या आधीच खाली येणारा हात, हे कमावलेलं कौशल्य असतं, आणि ते निरुपयोगी झालं की काहीतरी गमावल्यासारखं वाटतं. ते वाटणं खरं आहे. पण त्या कामात गुंतलेलं आपलं लक्ष आता मोकळं झालंय. ते कुठे जातं? लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली स्वयंचलित यंत्रांबद्दल एक लेख लिहिला, आजही तो वाचला जातो. त्यांचा मुद्दा असा की यंत्र सोपी कामं स्वतःकडे घेतं आणि अवघड क्षण माणसाकडे ठेवतं, आणि सोपी कामं गेल्यामुळे माणूस अवघड क्षणासाठी कमी तयार असतो. मोकळं झालेलं लक्ष रस्त्याकडे गेलं, रस्ता ओलांडणाऱ्या आजींकडे गेलं, तर ऑटोमॅटिकने आपलं भलं केलं. ते फोनकडे गेलं, तर क्लचच बरा होता म्हणायचं.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, नातवाला शिकवायचं आहे. थेट ऑटोमॅटिकवर शिकवावं की आधी गिअरवर?

आपल्याकडे मोटारीचा परवाना एकच आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही, तसं इथे नाही. पण त्यामुळेच आपली जबाबदारी वाढते. ऑटोमॅटिकवर शिकलेला मुलगा उद्या मित्राची गिअरची गाडी कायद्याने घेऊ शकतो, पायाने नाही. तो ज्या घरात, ज्या गाडीबरोबर राहणार आहे, त्यावर शिकवा. त्याला एक मोठा फायदा आहे, त्याला विसरायचं काही नाही.

श्रोता: मी एकाहत्तर वर्षांची आहे. ऑटोमॅटिक घेतली म्हणजे आणखी दहा वर्षं गाडी चालवता येईल, असं मुलगा म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?

बाई, तुमचा प्रश्न खरा आजच्या विषयाच्या तळाशी आहे. ऑटोमॅटिक गुडघ्याची वर्षं वाढवते. डोळ्यांची, मानेची, निर्णयाच्या वेगाची वाढवत नाही. आपल्याकडे पंचावन्न वर्षं ओलांडल्यावर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र उपचार म्हणून घेऊ नका, खरी तपासणी करून घ्या.

जपानचं एक उदाहरण सांगतो. एप्रिल २०१९मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीत बिघाड होता, असं ते खटल्यात म्हणत राहिले. न्यायालयाने ठरवलं की त्यांनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. जपानमध्ये परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय १९९८ पासून आहे. त्या वर्षी सहा लाखांवर लोकांनी तो परत केला. त्यातले बहुतेक म्हातारे होते. कोणी त्यांच्याकडून हिसकावून घेतला नव्हता.

तुम्ही गाडी सोडा, असं मी म्हणत नाही. एकाहत्तराव्या वर्षी स्वतः गाडी काढून मैत्रिणीकडे जाता येणं ही छोटी गोष्ट नाही, विशेषतः आपल्या शहरात, जिथे फुटपाथ आणि बस यांच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाने राहू नये. तुम्ही जरूर घ्या ऑटोमॅटिक. फक्त वर्षातून एकदा घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून तासभर चालवा, आणि त्यांना खरं बोलायची मुभा द्या. पेडल शोधायला खाली बघावं लागतंय का, गाडी आपल्या अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबतेय का, एवढं त्यांनी पाहावं. तसं होऊ लागलं, तर अपघाताची वाट न बघता किल्ली ठेवून द्या. डाव्या पायाला आपण आज निवृत्त करतोय. उजव्या पायाचीही तारीख कधीतरी येणार आहे, ती आपण ठरवलेली बरी.